टाउनसाठी बोललेला नवस

आमच्या घरात शनिवारी दुपारी बारा वाजता कुणी शिंकलेलं चालत नसे. थट्टा नाही. बारा वाजत आले की आय कढई शेगडीवरून उतरवून ठेवायची, कारण तळणीचा आवाज पप्पांना खपत नसे. बेसमेंटमधली घर तापवायची फर्नेससुद्धा ते स्वतः जाऊन बंद करून यायचे, मग बाहेर कितीही बर्फ पडो. जेवणाच्या टेबलावर शॉर्टवेव्हचा रेडिओ, त्याची तार पडद्याच्या दांडीला गुंडाळलेली, आणि समोर पप्पा. अंगात कोट, गळ्यात तपकिरी-पिवळा मफलर. स्वतःच्या घरात कोट घालून बसलेला दुसरा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. लंडनच्या स्टेशनवर तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले असायचे आणि त्या दिवशीचे फुटबॉलचे सगळे निकाल एक गृहस्थ वाचून दाखवायचा. आधी बडे बडे क्लब, मग त्यांच्याहून धाकटे, मग त्यांच्याहून धाकटे, आणि पार शेवटी, आमचं कालवण थंडगार झाल्यावर, चौथ्या डिव्हिजनच्या तळाशी पप्पांचं ब्रॅकन्शॉ टाउन.

त्या वाचणाऱ्या माणसाची एक लकब होती. पहिल्या टीमचं नाव आणि आकडा तो सरळ सांगायचा, पण दुसरीचं नाव घेतानाच त्याचा आवाज चढायचा नाही तर उतरायचा, आणि त्यावरून पुढचा आकडा यायच्या आत निकाल कळायचा. मला कधी जमलं नाही. माझी बहीण फिलू मात्र त्यात पक्की होती. फिलोमिना तिचं नाव, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती डोळे मिटून बसायची आणि आकडा यायच्या आधीच हळूच म्हणायची, "उतरला आवाज. हरले, पप्पा." पप्पा म्हणायचे, "गप गं, ऐकू दे." मग आकडा यायचा आणि ते मफलर सोडून टेबलावर टाकायचे. "तुझ्या कानात देव बसलाय," असं ते तिला कौतुकाने म्हणायचे. त्या कौतुकाची मला तेव्हा फार असूया वाटे. आता वाटत नाही.

आता गंमत ऐका. हा क्लब पप्पा सोडून आम्ही कुणीच डोळ्यांनी पाहिला नव्हता. पप्पा वसईच्या किनाऱ्यावरचे, आमच्या घराण्यात जाळी आणि दोर याशिवाय दुसरं काही कुणी केलेलं नाही. आम्ही दोघी लहान असताना ते इंग्लंडला गेले आणि उत्तरेकडच्या ब्रॅकन्शॉ नावाच्या गावात दोर वळायच्या कारखान्यात लागले. आय आणि आम्ही वसईलाच. तिथे एका खोलीत ते एकटे राहात. पावाला लोणी लावून जेवत आणि रविवारी देवळात जात. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. देवळात त्यांच्या शेजारची जागा रिकामीच राहायची, हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं. मग एका शनिवारी कारखान्यातला आल्फ नावाचा माणूस त्यांना म्हणाला, चल पीट, मॅच बघू. पप्पांचं नाव पेद्रू, त्याचं आल्फने पीट केलं. कठड्याला टेकून उभं राहिल्यावर आल्फने आपल्या हातातली गरम मीट-पाय, आपल्या करंजीसारखी खिमा भरलेली, मोडून अर्धी पप्पांना दिली. गोल झाला तेव्हा एका अनोळखी गोऱ्याने पप्पांना मिठी मारली. "परक्या मुलखात मला पहिल्यांदा माणसाचा हात लागला तो तिथे," असं पप्पा सांगत, आणि सांगताना त्यांचे डोळे भरून येत. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे मी त्यांना पुष्कळ बोलणार आहे. माणूस मुळात वाईट नव्हता. एकटेपणात ज्याने घास दिला त्याला देव मानून बसला, एवढंच.

पुढे ते कॅनडात आले, इथल्या तारांचे दोर करणाऱ्या कारखान्यात लागले आणि आम्हाला बोलावून घेतलं. मिल्टन, आमचं हे गाव, तेव्हा केवढंसं होतं! आज माझ्या मुलाचं घर आहे तिथे मक्याची शेतं होती. आता त्या शेतांत एकसारख्या घरांच्या रांगा आहेत, आणि नागपूर-पुण्याची इतकी सॉफ्टवेअरवाली मंडळी की ग्रोसरीच्या दुकानात मराठीत कुणाची निंदा करायची सोय राहिलेली नाही. तेव्हा मात्र गावभरात मराठी बोलणारे आम्ही चौघंच. आयला इंग्रजी यायचं नाही आणि शिकायची इच्छाही नव्हती. वसंतात तलावातून बोटाएवढे रुपेरी मासे निघत, स्मेल्ट म्हणतात इथे. कारखान्यातले लोक पप्पांना बादलीभर देत. आय ते मीठ लावून बेसमेंटमध्ये फर्नेसजवळ दोरीवर वाळवायची, बोंबलांसारखे. आमच्या कोटांना, वह्यांना, केसांना तो वास. शाळेत मुली नाक धरायच्या, आणि घरी आल्यावर तेच सुके मासे, चिंच आणि गावाहून आणलेला बाटली मसाला घालून केलेलं कालवण तांदळाच्या भाकरीशी खाताना मला शाळा-बिळा काही आठवायचं नाही. अजूनही वसंत आला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. सून म्हणते, "मम्मी, प्लीज, बेसमेंटमध्ये नको." नको तर नको बाई.

तर टाउन. दुसऱ्यांच्या घरी पोरांना संतांची चरित्रं सांगतात, आमच्या घरी ती होतीच, पण टाउनची कथा त्यांच्या आधी. क्लब काढला तो रविवारच्या धर्मवर्गातल्या पोरांनी. गावात लाकूड महाग आणि दोर फुकट, म्हणून पहिली काही वर्षं गोलच्या दोन खांबांवर आडवी दांडी नव्हती, दोर ताणून बांधलेला असे. मैदानाच्या एका अंगाला कालवा. बॉल कालव्यात पडला की लांब काठीला टोपली बांधलेला एक म्हातारा तो काढून द्यायचा, आणि पोचायला उशीर झाला की प्रेक्षक त्यालाच शिव्या घालायचे. टाउनने कधी काही जिंकलं नाही. एकदा कपच्या मॅचमध्ये एका बड्या क्लबाशी बरोबरी केली, दुसऱ्यांदा खेळून हरले, पण त्या बरोबरीवर गाव पिढ्यान् पिढ्या जगलं. गोलकीपर कोण, पाय कुणाचा मोडला, पावसात बॉल कुठे अडला, सगळं पप्पांना पाठ, आणि त्यांच्यामुळे आम्हाला. फिलूला नकाशे काढायचा नाद होता. पप्पांच्या सांगण्यावरून तिने त्या मैदानाचा नकाशा काढला होता, कालवा निळा, कठडा तपकिरी, आणि जिथे पप्पा आणि आल्फ उभे राहायचे तिथे एक लहानसा पिवळा ठिपका. पप्पांनी तो नकाशा घरातल्या वेदीशेजारी टांगला. माउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, तसबिरीला खेटून फुटबॉलचं मैदान! आय म्हणायची, "उद्या त्या गोलकीपरलाही मेणबत्ती लावा."

लावलीच म्हणायची. त्या काळी चौथ्या डिव्हिजनच्या तळाच्या चार क्लबांना दर उन्हाळ्यात बाकीच्या क्लबांपुढे हात जोडावे लागत. आम्हाला ठेवून घ्या म्हणून. ते मतं देत. मत मिळालं नाही की लीगमधून हकालपट्टी, आणि बाहेर पडलेला लहान क्लब सहसा पुन्हा उभा राहात नसे. टाउन तळाला गेलं त्या वर्षी पप्पांनी वसईला आत्याला निरोप धाडला, माउलीला मेणाचा बॉल वाहा. आमच्याकडे रीतच आहे, पाय दुखतो त्याने मेणाचा पाय वाहायचा, घर हवं त्याने मेणाचं घर. पण मेणाचा बॉल कोण करतो? मेणवाल्याकडे गोल म्हणून एकच वस्तू होती, डोकेदुखीवाल्यांसाठी केलेलं डोकं. आत्या बिचारी तेच वाहून आली. नाक, कान, सगळं होतं म्हणे. आणि टाउन वाचलं! आय पदर तोंडाला लावून हसत बसली होती. पप्पा चिडले नाहीत. म्हणाले, "माउलीला भाव कळतो."

पुढच्या वर्षी टाउन पुन्हा तळाला. आल्फचा फोन आला की यंदा कठीण आहे, दुसरा एक श्रीमंत क्लब आत यायला टपलाय. पप्पा जेवेनात. कारखान्यातून येत आणि सरळ वेदीपुढे गुडघे टेकत. फिलू त्यांच्या शेजारी. शाळेचं तिचं ते शेवटचं वर्ष. ओटावाला नकाशाशास्त्र शिकायला तिला जागा मिळाली होती. विंटरचा नवा कोटसुद्धा आयने घेऊन ठेवला होता, गडद निळा, मोठ्या बटणांचा. तरी ती रोज पप्पांबरोबर पूर्ण रोजरी म्हणायची, टाउन वाचावं म्हणून. मला झोप यायची, मी भिंतीला डोकं टेकायचे. ती मात्र एकेक मणी मनापासून ओढायची. काय मागते आहे ते तिला ठाऊक नव्हतं.

फोन आला तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. पप्पा उठून गेले, आणि तिकडून ओरडले, "राहिलं! राहिलं टाउन!" परत आले ते रडत-हसत. फिलूने टाळ्या पिटल्या. पप्पांनी तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले, आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "पोरी, तुझं भाग्य थोर. मी नवस बोललो होतो. टाउन राहिलं तर माझी थोरली देवाला दिली."

आयच्या हातात भाकरी होती, ती तशीच धरून ती म्हणाली, "काय दिली?"

"कॉन्व्हेंटात. आपल्या मुलखातल्या. मिशनच्या सिस्टरांना मी कळवतो."

"अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? बॉलसाठी पोर? माणूस मीठ-मिरच्या वाहतो, मेण वाहतो, बोकड कापून गावाला जेवण घालतो. पोर कुणी वाहतं?"

"मेणाने झालं नसतं यंदा," पप्पा म्हणाले. अगदी शांतपणे, जणू कालवणात मीठ कमी आहे म्हणून सांगतात.

आय म्हणाली, फादरना विचारू. पप्पा म्हणाले, "ते आयरिश. त्यांना आपला नवस काय कळणार?" आणि आयला इंग्रजी येत नव्हतं, ती एकटी जाऊन काय विचारणार होती? तिला विरोध करायचा होता, पण भीतीही होती. वसईला तिच्या शेजारणीने नवस फेडला नव्हता आणि तिचा मुलगा होडीसकट गेला होता, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. न फेडलेला नवस घरात कुणाला ना कुणाला खातो, हे तिच्या हाडांत होतं. ती फिलूकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची, आणि गप्प व्हायची. मीच ती, जिला नवस खाईल अशी भीती होती. आणि फिलू? ती म्हणाली, "मी जाते. भांडू नका." ओटावाला नाही म्हणून तिनेच कळवलं. निळा कोट मला दिला. मला तो गुडघ्यांखाली यायचा, पण इथल्या थंडीत लांबी कोण बघतो? मी तो वर्षानुवर्षं वापरला.

नगरकडच्या एका मिशनात ती गेली. आम्ही विमानतळावर सोडायला गेलो तेव्हा तिच्याजवळ पत्र्याची एक पेटी होती, आयने वरून दोरीने बांधलेली. पप्पांनी दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधली. "ही टाउनची गाठ," म्हणाले. "आल्फने शिकवलीय. सुटायची नाही."

दोन सीझन. फक्त दोन सीझन टिकलं मेलं ते टाउन. तिसऱ्या उन्हाळ्यात मतं पडली नाहीत, लीगने बाहेर काढलं. पुढच्या हिवाळ्यात क्लब बंद, मैदान विकलं, आणि कालव्याकाठी वाणसामानाचं मोठं दुकान उभं राहिलं. आल्फने फोनवर सांगितलं, गोल होता तिथे आता दूध-लोणी ठेवलंय. पप्पा रेडिओ पुसून कपाटावर ठेवायला गेले, तेव्हा आय स्वयंपाकघरातून बाहेर आली. इतकी मोठ्याने बोललेली मी तिला ना आधी ऐकली, ना नंतर.

"देवाने शब्द मोडला," ती म्हणाली. "टाउन राहिलं नाही. आता माझी पोर परत आणा."

"देवाला दिलेली वस्तू परत मागतात का?"

"वस्तू? वस्तू म्हणता तिला?"

"तिला कळवू नका," पप्पा म्हणाले. "तिचं मन उडेल. ज्यासाठी गेली तेच बुडालं असं कळलं तर तिने जगायचं कसं? सिस्टर होण्याच्या शेवटच्या शपथा घ्यायच्यात तिला अजून."

आणि इथे आय हरली. ती पप्पांच्या रागाला भ्याली नसती, पण पोरीला दुःख होईल या शब्दाने तिचे हात गळाले. मला दोघांनी बसवून सांगितलं, फिलूला टाउनचं अक्षर कळता कामा नये. मी शाळकरी पोर. घरातली मोठी माणसं सांगतात ते खरं, एवढं मला माहीत. पण त्या दिवसापासून पप्पांच्या ताटात वाढताना माझ्या हाताला जडपणा यायचा, तो त्यांच्या शेवटच्या जेवणापर्यंत गेला नाही.

नुसतं गप्प राहून भागलं असतं तर एक वेळ ठीक. आम्ही फिलूला कॅसेट पाठवायचो, आसपासच्या शहरांतून वसईला सुट्टीवर जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती. टेबलावर टेपरेकॉर्डर, आळीपाळीने सगळ्यांनी बोलायचं. आय म्हणायची, जपून राहा, खोकल्याला काढा घे. मी शाळेचं काहीबाही सांगायचे. आणि शेवटी पप्पा, रेडिओवरच्या त्या गृहस्थाच्या थाटात, घसा खाकरून, "फिलू, आता निकाल. ब्रॅकन्शॉ टाउन दोन, पाहुणे एक." बुडालेल्या क्लबाचे निकाल! आय नळ सोडून भांडी घासत उभी राहायची, भांडी स्वच्छ असली तरी. प्रत्येक कॅसेटमध्ये टाउन जिंकायचं. खेळाडूंची नावं पप्पा मनाने घालायचे, पाऊस पाडायचे, बॉल कालव्यात टाकायचे, म्हाताऱ्याला टोपली घेऊन पळवायचे. नंतर नंतर तर टाउन वरच्या डिव्हिजनमध्ये गेलं. खऱ्या आयुष्यात जे त्या क्लबाला कधी जमलं नाही ते पप्पांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर करून दाखवलं. मला किळस यायची. आणि खरं सांगायचं तर शेवटी शेवटी मी ऐकतही बसायचे, आज कोण गोल करतो म्हणून.

पप्पा गेले तेव्हा फिलू आली नाही. परवानगी मिळाली नसेल, आम्ही म्हटलं. शवपेटीत कुणी तरी त्यांच्या गळ्यात टाउनच्या रंगांचा तो मफलर घातला होता. आयने सगळ्यांसमोर तो काढून घेतला. आम्हाला वाटलं, आठवण म्हणून ठेवते आहे. घरी आल्यावर तिने तो दाराच्या आत अंथरला, बुटांचा बर्फ पुसायला. त्या विंटरभर येणारा-जाणारा त्यावर पाय पुसून आत आला. वसंतात तिने तो चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकला. पुढे आयही गेली. तेव्हाही फिलू आली नाही.

ती आली गेल्या ऑक्टोबरात. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मिशनच्या शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेला तिचा. शिकवायला कधी दिलं नाही, कारण शिकायलाच जाऊ दिलं नव्हतं. आता गुडघे गेले म्हणून तिला मोकळीक दिली आणि माझ्या मुलाने तिकीट पाठवलं. विमानतळावर पांढऱ्या साडीवर माझ्या सुनेचं जाड जॅकेट घातलेली ती म्हातारी पाहिली आणि मी ठरवलं, आता हिला सांगायचं. पप्पा नाहीत, आय नाही, मी गेले तर सांगणारं कुणी उरणार नाही. माणूस कशासाठी दिला गेला आणि त्याचं काय झालं, हे त्या माणसाला कळायला नको? पण तोंड उघडेना. ऐंशीकडे झुकलेल्या बाईला, बाई गं, तुझं आयुष्य दोन सीझनमध्ये वाया गेलं, हे कोणत्या तोंडाने सांगू?

शनिवारी माझ्या नातीची, झोईची, सॉकरची मॅच होती, मैदानावर तंबूसारखा फुगवलेला घुमट असतो ना, त्यात. फिलू म्हणाली, मला न्या. बाकावर बसून पूर्ण वेळ बघितली, हात मांडीवर, चेहऱ्यावर काही नाही. मॅच संपल्यावर झोई आली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "वी लॉस्ट, ओके? डोन्ट से एनीथिंग." मग ती मैत्रिणींबरोबर गेली आणि आम्ही दोघी पार्किंगमध्ये माझ्या गाडीत बसलो. हीटर लावला. घड्याळात बारा वाजत आले होते. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"फिलू, तुला एक सांगायचंय. टाउनचं."

"बुडालं ना? सांग की."

माझा हात स्टिअरिंगवरच राहिला. "तुला कोणी सांगितलं?"

"पप्पांनीच."

"पप्पा तर जिंकवायचे दर वेळी!"

"हो ना. 'ब्रॅकन्शॉ टाउन दोन,' म्हणाले. त्या पहिल्या कॅसेटमध्ये. आणि टाउन म्हणताना आवाज उतरला. अगं, जिंकलेल्या टीमचं नाव घेताना आवाज कधी उतरतो का? पुन्हा लावली, पुन्हा उतरला. आणि मागे आय नळ सोडून उभी. आय पाणी कधी वाया घालवायची का? तेव्हाच कळलं, क्लब गेला." ती काचेतून बाहेर बघत होती. "मी पेटी भरली. त्याच दिवशी. म्हटलं, देवाने शब्द मोडला, मग माझ्यावर कसलं बंधन? आता आय काही पप्पांना सोडायची नाही. कुणी तरी न्यायला येईल."

देवाने शब्द मोडला, हे आयचंच वाक्य होतं, शब्दन् शब्द. मी तिला तसं सांगितलं. आय काय बोलली, पप्पा काय बोलले, सगळं सांगितलं. ती मान हलवत ऐकत राहिली.

"म्हणजे बोलली तरी," ती म्हणाली. "बरं झालं. मला वाटायचं, बोललीसुद्धा नाही."

"तू स्वतःच का नाही आलीस?" मला रडू आवरेना आणि रागही. "कळवायचं होतंस, आम्ही..."

"कुठे येणार होते मी, मोना? मला परत आणायला नको म्हणून ज्यांनी मेलेला क्लब जिवंत ठेवला, त्यांच्या घरी?" आवाज चढला नव्हता तिचा. "वाट बघितली मी. पेटी पलंगाखाली, टाउनच्याच गाठीने दोरी बांधलेली. दुसरी कॅसेट आली, टाउन जिंकलं. तिसरी आली, टाउन जिंकलं. मग नाताळच्या आधी मदर म्हणाल्या, गहू ठेवायला पेटी हवीय, तुझी रिकामी असेल तर दे. मी कपडे काढून दिली. गाठ सुटत नव्हती, सुरीने कापावी लागली."

हीटरने काचा धुरकट झाल्या होत्या. बाहेर पोरं-आया आपापल्या गाड्यांत बसत होती. मी डोळे पुसले. फिलूने माझ्या मांडीवर थोपटलं, जसं लहानपणी रोजरीत मला झोप लागली की थोपटायची तसं.

"कॅसेटी येत राहिल्या, पण मिशनातलं यंत्र बिघडलं, नंतरच्या ऐकल्याच नाहीत," ती म्हणाली. "पप्पा जाईपर्यंत कुठवर आणलं होतं त्यांनी टाउनला?"

"वरच्या डिव्हिजनमध्ये. शेवटच्या कॅसेटमध्ये दुसरा नंबर होता."

"दुसरा?" फिलू माझ्याकडे वळली. "माझा अख्खा जन्म घेतला मेल्यांनी, आणि खोट्या खेळातसुद्धा पहिला नंबर आणता आला नाही?"